फोनचा गुण कोण कापणार?

गेल्या वर्षी सामान्यरूपाचा धडा संपल्यावर मी नववीच्या वर्गाची छोटी चाचणी घेतली. एका मुलीने ‘कॅमेराला’ असे लिहिले होते. मी लाल शाईने रेघ मारून वर ‘कॅमेऱ्याला’ लिहिले आणि अर्धा गुण कापला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना ती वडिलांचा मोबाइल घेऊन आली. एका ॲपने परवानगी मागितली होती आणि पडद्यावर ‘कॅमेराला’ असेच लिहिलेले होते. ती म्हणाली, “सर, मग फोनचा गुण कोण कापणार?”

सगळी मुले हसली. मीही हसलो, पण तो प्रश्न मनातून जाईना.

फोन का चुकला, ते आधी पाहू. फोनमधली वाक्ये बहुधा आधी इंग्रजीत लिहितात आणि पुष्कळदा त्यांत एक रिकामी जागा ठेवतात. त्या जागी कधी ‘कॅमेरा’ येतो, कधी ‘मायक्रोफोन’, कधी एखाद्या माणसाचे नाव. इंग्रजीत त्या शब्दाचे रूप बदलत नाही, म्हणून काही बिघडत नाही. मराठीत मात्र ‘ला’ लागला की ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होते आणि ‘वारा’चे ‘वाऱ्याला’. उर्दूतही आपण ‘कमरा’ आणि ‘कमरे में’ असे म्हणतोच. ते तोंडात इतके बसले आहे की लक्षात येत नाही. भाषांतर करणाऱ्याने रिकाम्या जागेला नुसता ‘ला’ चिकटवला होता. त्याने वाक्य थोडे फिरवून ‘कॅमेरा वापरण्याची परवानगी द्या’ असे केले असते, तर त्या जागी कोणताही शब्द आला तरी चालले असते.

म्हणजे चूक यंत्राची नव्हती, माणसाची होती. माणसाची चूक दुसऱ्या माणसाला दुरुस्त करता येते. फक्त तशी मुभा हवी.

काही सॉफ्टवेअरमध्ये ही मुभा मुद्दाम ठेवलेली असते. त्याला मुक्तस्रोत सॉफ्टवेअर म्हणतात. त्याचा कोड, म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांचा मूळ मजकूर, कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला दुसऱ्याला देता येतो. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने लिनक्स सुरू केले. जगभरच्या माणसांनी त्यात भर घातली. तुमच्या घरच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सच आहे. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ साली विक्रीला आला. अँड्रॉइडचाही मूळ कोड खुला आहे, मात्र कंपन्या त्यावर आपली बंद ॲप चढवून फोन विकतात.

त्या कोडाचा एक उपयोग जुन्या फोनांना होतो. कंपनी काही वर्षे फोनसाठी सुधारणा पाठवते आणि मग थांबते. फोन धडधाकट असतो, पण नवी ॲप त्याच्यावर चालत नाहीत. डहाणू रोड स्टेशनजवळच्या दुरुस्तीच्या दुकानात असे फोन खोक्यात पडलेले मला दिसतात. लिनिएजओएस नावाचा स्वयंसेवकांचा प्रकल्प अशा कित्येक फोनांसाठी अँड्रॉइडचे नवे रूप तयार करतो. सायनोजेनमॉड नावाचा प्रकल्प २०१६ च्या अखेरीस बंद पडला, तेव्हा त्याच्याच खुल्या कोडावरून हा पुढे निघाला. पण एका फोनसाठी केलेले काम दुसऱ्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. प्रत्येक मॉडेलचा कॅमेरा वेगळा, पडदा वेगळा, चिप वेगळी. म्हणून प्रत्येक मॉडेलमागे तो फोन हाती असलेला एक तरी माणूस लागतो. आवाज येतो का, वायफाय जोडले जाते का, फोटो निघतो का, हे तो पुन्हा पुन्हा तपासतो. तो दमला आणि दुसरा कोणी पुढे आला नाही, तर त्या मॉडेलचे काम तिथेच थांबते. (घरातल्या एकुलत्या एका फोनवर हा प्रयोग मुळीच करू नका. एखादी पायरी चुकली तर फोन सुरूच होत नाही, आतले फोटो पुसले जातात, आणि बँकांची काही ॲप अशा फोनवर चालत नाहीत.)

भाषेचे काम मात्र तुमच्याही आवाक्यातले आहे, आणि मला त्याची गरज अधिक वाटते. फोनमध्ये मराठी आपोआप आली नाही. रेड हॅट या कंपनीने २००४ साली ‘लोहित’ नावाचे भारतीय लिप्यांचे फाँट खुल्या परवान्याने दिले. त्यांवरचे पुढचे बरेच काम पुण्यात झाले. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ साली. अँड्रॉइडच्या भाषांच्या यादीत मराठी आली ती २०१४ साली, पाचव्या आवृत्तीत. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक मी फळ्यावर अर्ध्या मिनिटात दाखवतो. फाँटमध्ये तो आणायला कोणाला तरी बसून काम करावे लागले.

उर्दूचीही गोष्ट अशीच आहे. आपल्याला नस्तालीकची सवय, आणि अनेक फोन उर्दू दाखवतात नस्ख वळणात. माझ्या आईला वाटले, कोणी अरबी पत्र पाठवले! ‘नोटो नस्तालीक उर्दू’ हा खुला फाँट गूगलने २०१४ साली दिला. पण नुसत्या फाँटने भागत नाही. अरबीचा ‘काफ’ आणि उर्दूचा ‘काफ’ यांचे युनिकोडमधले क्रमांक वेगळे आहेत. म्हणून अरबी कळफलकावर लिहिलेले नाव उर्दू कळफलकाने शोधले, तर पुष्कळदा सापडत नाही. ही चूक कोणाच्या ध्यानात येईल? जो ती भाषा घरी वाचतो त्याच्या. तुम्ही तर दोन लिप्या रोज वाचता, एक उजवीकडून आणि एक डावीकडून.

आमच्या शिक्षक खोलीत एका सहकाऱ्याने आक्षेप घेतला, “कंपन्या फोन विकून पैसे मिळवणार आणि आपली मुले फुकट राबणार?” आक्षेप खरा आहे. ज्याचे ॲप बंद आहे त्याने पगार देऊन भाषांतर करून घ्यावे, असेच माझेही मत आहे. खुल्या सॉफ्टवेअरचा हिशेब निराळा. मोझिलाच्या फायरफॉक्स ओएसचे फोन २०१४ साली भारतात आले आणि २०१५ च्या अखेरीस मोझिलाने ते काम सोडून दिले. कोड मात्र खुला होता. त्यावरून कायओएस तयार झाली आणि २०१७ सालचा जिओफोन तिच्यावर चालला. त्यातही कंपन्यांनी पैसे मिळवलेच. पण काम करणाऱ्यांचे श्रम एका कंपनीबरोबर बुडाले नाहीत.

एक गोष्ट मला खटकते. डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांवर वारली बोलली जाते, आणि मी आजवर हाताळलेल्या एकाही फोनच्या यादीत वारली नाही. ते काम वारली बोलणाऱ्यांनीच करावे; ‘आई’ला काय म्हणायचे हे आपण ठरवू नये. पण कसे करायचे, ते शेजारच्या मित्राला सांगता येईल.

त्या मुलीच्या फोनवरचे ते ॲप मुक्तस्रोत निघाले. तिने नवे वाक्य लिहून पाठवले. काही दिवसांनी तपासणाऱ्याने विचारले, “आधीच्या वाक्यात चूक काय आहे?” तिने ‘घोडा’ आणि ‘वारा’ यांची उदाहरणे देऊन सामान्यरूपाचा नियम तीन ओळींत लिहिला आणि वाक्य स्वीकारले गेले. चाचणीतला अर्धा गुण मी अजून परत दिलेला नाही. ती अधूनमधून मागत असते.