गावाकडच्या गाडीचं गणित

मंडळी, हिंजवडीत जेवणाच्या टेबलावर हा विषय हमखास निघतो. "गावी शेतीसाठी गाडी घ्यायचीय, कुठली घेऊ?" आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. लगेच एक्सेल शीट उघडते. सीसी, टॉर्क, ॲव्हरेज वगैरे वगैरे. आणि एवढं करून निवड होते ती मोठ्या पिकअपची, नाहीतर थेट फोर-बाय-फोरची. का? तर "एकदाच घ्यायची ना, मग दणकटच घेऊ!"

मला हे अजिबात पटत नाही.

दिवाळी सेलच्या गर्दीसाठी कोणी वर्षभराचे सर्व्हर विकत घेत नाही, तेवढ्यापुरते भाड्याने घेतो. शेतातही तेच. वर्षातले आठ-दहा दिवस माल खूप असतो, तेव्हा भाड्याचा टेम्पो मिळतो. बाकी दिवस काय न्यायचं असतं? 25-30 क्रेट टोमॅटो, येताना युरियाच्या चार गोण्या, एखादी बिघडलेली मोटर. नारायणगावच्या बाजारात जाणाऱ्या क्रेटमध्ये साधारण 20 किलो माल बसतो. म्हणजे 30 क्रेटचे 600 किलो. टाटा एस, अर्थात आपला छोटा हत्ती, 2005 साली आला तोच 750 किलोच्या हिशोबाने. झालं की काम!

आता पैशाचं बघू. समजा बाजार 25 किलोमीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन 50. लहान गाडी 16 चं ॲव्हरेज देते, मोठी 12 चं. डिझेल 90 रुपये धरलं तर एका खेपेला फरक पडतो साधारण 95 रुपयांचा. शंभर खेपांना साडेनऊ हजार. पण मोठ्या गाडीला तीन लाख जास्त मोजले, तर 10 टक्क्यांनी पहिल्या वर्षाचं नुसतं व्याजच 30 हजारांच्या आसपास जातं. थोडक्यात, आपण ज्या ॲव्हरेजवरून तावातावाने भांडतो, ते या हिशोबात दुय्यम आहे.

मुख्य प्रश्न वेगळाच आहे. गाडी बंद पडली तर किती तासांत चालू होते? तोडलेला टोमॅटो थांबत नाही. सकाळचा लिलाव हुकला की महिनाभर वाचवलेलं डिझेल एका दिवसात वसूल. म्हणून शोरूममध्ये जायच्या आधी तालुक्याच्या गॅरेजवाल्याला विचारा, "तुमच्याकडे सगळ्यात जास्त कुठली गाडी येते, आणि तिचे पार्ट इथे मिळतात का?" जास्त येते म्हणजे वाईट असं नाही. तिच्यावर हात बसलेली माणसं तिथे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या टाटा एसचं दोन सिलिंडरचं 702 सीसी इंजिन हे इंडिकाच्या इंजिनाचं जवळपास अर्धं रूप होतं. चाललेला कोड पुन्हा वापरावा तसं!

एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं आणि सेन्सर वाढले. आता नुसता पाना चालत नाही, स्कॅनरही लागतो. तो किती किलोमीटरवर आहे, हा कॉलम आपल्या शीटमध्ये नसतोच.

"पण पावसाळ्यात काळ्या रानात फोर-बाय-फोर लागतेच ना?" अहो, तिथे ट्रॅक्टर आहे की. डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॉली, पुढे टेम्पो. निम्मा गाव हेच करतो.

लायसन्सचा बाऊही नको. 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही लायसन्स पुरतं, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर परमिटही लागत नाही. फिटनेसची तारीख मात्र सांभाळा.

आणि शेवटचं. गाडी चालवणार साठीतले वडील, क्रेट चढवणार आई. हौदा कमरेच्या वर असला तर तो त्रास रोजचा आहे. हप्ता आपण भरतो म्हणून निवडही आपलीच, असं नसतं. टेस्ट ड्राइव्ह त्यांना घेऊ द्या, आपण मागे क्रेट चढवून बघावेत. एक्सेल शीटपेक्षा लवकर उत्तर मिळेल.