न्हाऊ घालणारीचंही माप घ्या

माझी आई मिरजेत २६ वर्षं बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायला जायची. सकाळी सहाला पहिलं घर, दुपारी एकपर्यंत सहावं. प्रत्येक घरी तेच. मोरीत पाट मांडायचा, पाय लांब सोडून बसायचं, लुगडं गुडघ्यापर्यंत ओढून घ्यायचं आणि तेल चोळलेलं बाळ नडग्यांवर आडवं करायचं. बाळाचं डोकं घोट्यांशी, पाय आईच्या पोटाशी. डावा हात मानेखाली, उजव्या हातात तांब्या. आधी उताणं, मग पालथं. बाळ कितीही रडलं तरी आईचा आवाज चढत नसे. "बाळ आपल्या पायावर असतंय तवर भ्यायचं नसतंय," असं ती बाळंतिणींना सांगायची.

आज ती ६८ वर्षांची आहे. तिला जमिनीवर बसता येत नाही. सत्यनारायणाच्या पूजेलाही तिच्यासाठी खुर्ची मांडावी लागते. गुडघे गेले, कंबर गेली. गावातल्या किती मुलांची पहिली आंघोळ तिच्या पायांवर झाली याची मोजदाद नाही, पण त्या पायांचं काय झालं ते मी रोज घरात बघते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेली १९ वर्षं माझ्याकडे दोन प्रकारच्या बाया येतात. एक, आईसारख्या घरोघरी न्हाऊ घालणाऱ्या मावश्या. त्यांची कंबर आणि गुडघे. दुसऱ्या, तीन-चार महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन आलेल्या तरुण मुली. त्यांचा अंगठा आणि मनगट. अंगठ्याच्या मुळाशी ठणका, बाळ उचलताना कळ. या दुखण्याला स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द कर्व्हेन यांचं नाव आहे आणि बाळंतिणींमध्ये ते इतकं आढळतं की आम्ही बाळाचं वय आधी विचारतो, मग मनगट बघतो. मावशीचं आणि मुलीचं, दोघींचं दुखणं एकाच मोरीतून येतं. म्हणून हा लेख.

मध्यंतरी मी सांगलीच्या दुकानांत बाळाच्या आंघोळीची साधनं बघत हिंडले. टब, जाळीच्या झोळ्या, फोमच्या गाद्या, बसायच्या खुर्च्या. अकरा खोकी वाचली. प्रत्येकावर बाळाचं वय होतं, वजन होतं, रंगाची निवड होती. हे साधन वापरणाऱ्या बाईची उंची किती धरली आहे, ती उभी राहणार की बसणार, तिला किती वाकावं लागणार, हे एकाही खोक्यावर नव्हतं. बाळ तीन किलोचं असतं, सहा महिन्यांत सातच्या आसपास जातं. ते ओलं, तेलकट आणि हलतं असतं. त्याला धरून ठेवणारं जे शरीर आहे, त्याचं मापच कुणी घेतलेलं नाही.

जमिनीवर ठेवलेल्या टबाचंच घ्या. त्यात १५ लिटर पाणी म्हणजे १५ किलो. आंघोळ झाल्यावर ते ओतायचं कसं? वाकून, कड उचलून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात चारातलं एक बाळंतपण सिझेरियननं होतं. त्या मुलींना आम्ही सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नका असं बजावतो, आणि घरात मात्र असा टब आणून ठेवलेला असतो. तळाला एक बूच आणि हातभर नळी एवढ्यावर हा प्रश्न सुटतो. ज्या टबाला ते नाही, तो टब बाळंतिणीसाठी केलेलाच नाही.

मला जुनं ते सगळं सोनं म्हणायचं नाही. कानात-नाकात तेल सोडणं, बंद खोलीत धुरी देणं, हात-पाय ओढणं हे थांबलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटना पहिली आंघोळ जन्मानंतर किमान २४ तास लांबवायला सांगते, तेही पाळलं पाहिजे. पण पायावर घेऊन न्हाऊ घालण्याची रीत मी एक शास्त्र शिकलेली बाई म्हणून तपासली आणि तिच्यापुढे मान झुकवली. दोन नडग्यांच्या मधे जी पन्हळ तयार होते, तिच्यात बाळ घसरत नाही. पाणी साचत नाही, वाहून जातं. कातडीला कातडी लागलेली असते, त्यामुळे बाळ जरा आकसलं तरी न्हाऊ घालणारीला डोळे न वळवता कळतं. बाळासाठी याहून चांगली बैठक मी पाहिलेली नाही. मात्र त्या बैठकीची किंमत बाईची पाठ मोजते. पाय सरळ सोडून बसलं की मांडीमागचे स्नायू ताणले जातात, ओटीपोटाचा हाडांचा सांगाडा मागे कलतो, कंबरेची कमान उलटी होते. त्यात घोट्यांपर्यंत हात पोचवायचे म्हणजे पुढे वाकायचं. असं वाकून बसल्यावर कंबरेच्या मणक्यांमधल्या चकतीवर उभं असतानाच्या दीडपटीहून जास्त दाब येतो. एका घरी वीस मिनिटं, अशी सहा घरं.

वस्तू वापरणाऱ्या शरीराचा विचार आपल्याकडे नवा नाही. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं १९५८ साली भारत सरकारला डिझाइनविषयी एक अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ मध्ये त्यातूनच उभी राहिली. भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये त्यांना सगळ्यांत भावला तो लोटा, म्हणजे आपला तांब्या. असा तांब्या नव्यानं घडवायचा तर काय काय विचारावं लागेल, याची त्यांनी यादीच केली. पाणी किती मावावं, ओतताना तोल कसा राहावा, तो डोक्यावरून नेतात की कंबरेवरून, आणि तो धरणारे हात केवढे, किती ताकदीचे, बाईचे की पुरुषाचे. हा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. तांब्याला जो प्रश्न विचारला, तो बाळाच्या टबाला का विचारू नये? भारतीय शरीरांची मापं नाहीत म्हणावं, तर देबकुमार चक्रवर्ती यांनी त्याच संस्थेतून १९९७ साली ती पुस्तकरूपानं दिली आहेत.

चार वर्षांपूर्वी मी माझ्या ओळखीच्या सुतारमिस्त्रींना धरलं आणि एक पाट करून घेतला. मागे १२ सेंटिमीटर उंच, पुढे ८, म्हणजे पुढे उतार, आणि मागे टेकायला वीतभर उंच पाठ. उतारामुळे कंबरेची कमान टिकते, पुढे वाकणं कमी होतं. पहिल्या पाटावर फोम लावला. चार दिवसांत तो पाणी पिऊन कुबट वास मारायला लागला. दुसऱ्यावर चपलेच्या तळाचं रबर ठोकलं, ते टिकलं. पाच मावश्यांना वापरायला दिला. महिन्यानं त्यांतली एक म्हणाली, "ताई, पाट झकास आहे. माझी कंबर रात्री झोपू देतीया. पण चार किलोचा पाट सहा घरी कोण वाहून न्यायचा?" माझं शिक्षण तिथं अपुरं पडलं होतं. ती घरोघरी चालत जाते हे मला माहीत होतं, मी तशाच घरात वाढले, तरी मापं काढताना तेच विसरले. आता आम्ही बांबूचा घडीचा पाट करतो आहोत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९० च्या दशकात ३९ गावांमध्ये घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली. गावातल्याच बायांना शिकवलं. बाळ उबेत ठेवायची पिशवीसुद्धा त्यांच्या हाताला आणि गावातल्या घरांना जमेल अशीच होती. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. वापरणारीपासून सुरुवात केली की काय होतं, हे बघायला आपल्याला परदेशी जायची गरज नाही.

म्हणून माझ्या मागण्या नेमक्या आहेत. बसून न्हाऊ घालणारीसाठी उताराचा, पाठ असलेला, हलका पाट हवा. उभं राहून घालणारीसाठी टबाची कड तिच्या कोपरापेक्षा थोडी खाली यावी. आपल्या बाईची सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे ती कड ८५ ते ९० सेंटिमीटरवर हवी आणि खालचं स्टँड चार फुटी मोरीत मावायला हवं. पितळी तांब्याऐवजी रुंद मुठीचं हलकं भांडं हवं, म्हणजे मनगट पिळवटणार नाही. पाण्याची ऊब दाखवणारी खूण भांड्यावरच हवी. गीझरमधून ६० अंशांचं पाणी आलं तर मोठ्या माणसाची कातडीही काही सेकंदांत भाजते. म्हणून आधी गार पाणी, मग कढत, आणि शेवटी कोपर बुडवून बघणं. विसणाचा हा क्रम टबावर छापा.

आणि बाळाला बसवून हात मोकळे करून देणाऱ्या खुर्च्यांपासून सावध राहा. त्या टबात कलंडून बाळं बुडाल्यामुळे अमेरिकेला २०१० मध्ये त्यांच्यासाठी सक्तीचं मानक आणावं लागलं. बाळ बुडायला दोन इंच पाणी पुरतं. चांगलं साधन आईच्या हाताचा भार हलका करतं. हात काढून घ्यायला सांगणारं साधन घरात आणू नये.

पवईच्या आयआयटीत आणि अहमदाबादच्या संस्थेत डिझाइन शिकणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे: कागदावर रेघ ओढण्याआधी आठवडाभर एका मावशीबरोबर सहा घरं फिरा आणि तिच्या पाटावर बसा. आणि ज्यांच्या घरी बाळ येणार आहे त्यांना विनंती: दुपटी, झबली, पाळणा घ्याल तेव्हा टेकायला पाठ असलेला एक पाटही घ्या. सुताराकडून करून घेतलात तरी चालेल. पहिल्या दिवशी मावशी दारात आल्या की तेलाची वाटी पुढे करण्याआधी त्यांना विचारा, "मावशी, बसायला काय देऊ?"