पेवांच्या गावाला पूर

एखाद्या गोष्टीचा सुळसुळाट झाला की आपण सर्रास ‘पेव फुटले’ असे म्हणतो. शिकवण्यांचे पेव फुटते, बुवाबाबांचे फुटते, निवडणुका जवळ आल्या की पक्षांचेही फुटते. पण खरेखुरे पेव ज्याने पाहिले आहे असा माणूस आता शोधावाच लागेल. शोधायचाच झाला तर सांगलीला जावे आणि तिथून कृष्णेच्या काठाकाठाने हरिपूर गाठावे. या गावच्या जमिनीच्या पोटात सांगलीच्या व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे हळद ठेवली. तोंड अरुंद, आत घडा असावा तसा फुगत गेलेला खड्डा. कडेने उसाचा पाला नि चटया लावायच्या, आत हळद भरायची आणि तोंड मातीने लिंपून टाकायचे. हवा नाही, ओल नाही, त्यामुळे कीडही नाही. तीन-तीन, चार-चार वर्षे माल जसाच्या तसा राही. पेव उघडले तरी लगेच कोणी आत उतरत नसे. आत हवाच नसते, उतरणारा गुदमरायचा.

हे पेव कुठेही खणून चालत नाही. माती तशी चिवट, घट्ट हवी आणि जागा पाण्याच्या वर हवी. नदीच्या इतक्या जवळ लाखमोलाचा माल पुरून ठेवणारा व्यापारी नदीला नीट ओळखत असणार, यात शंका नाही. कृष्णा कुठवर चढते, कुठे थांबते, याचा अंदाज त्या धंद्यात गृहीत धरलेला होता. सांगलीच्या पुराविषयी जे काही मला म्हणायचे आहे ते या पेवांपासूनच सुरू होते.

सांगलीचे भाग्य तसे उशिरा उघडले. पटवर्धनांच्या घरात वाटण्या झाल्या, चिंतामणराव आप्पासाहेब मिरजेहून वेगळे झाले आणि १८०१ च्या सुमारास त्यांनी इथे राजधानी केली. गणेशदुर्ग बांधला, नदीकाठी गणपतीचे देऊळ उभे केले आणि व्यापारी आणून वसवले. गणपती पेठ ही त्या धोरणाची निशाणी. याच आप्पासाहेबांनी कानडी मुलुखातून आलेल्या मंडळींचे खेळ पाहून आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करायला सांगितले आणि ५ नोव्हेंबर १८४३ रोजी ‘सीतास्वयंवर’ रंगले. मराठी रंगभूमी दिन तेव्हाचा. ‘शारदा’कार देवल हरिपूरचे, खाडिलकर सांगलीचे. नाट्यपंढरी हे बिरुद त्यामुळे उगीच मिळालेले नाही. पण पंढरी पोसायला बाजारपेठ लागते, हे आपण कौतुकाच्या भरात विसरतो. सांगलीची बाजारपेठ हळदीने उभी केली.

इथली राजापुरी हळद नावाजलेली खरी, पण सांगली मोठी झाली ती दुसऱ्यांच्या हळदीवर. कर्नाटकातून, निजामाबादेकडून, पुढे वसमत-हिंगोलीकडून गाड्या भरभरून माल इथे येई. अडते, दलाल, तोलाईदार, हमाल अशी सारी साखळी त्यावर जगे. माल पेवात आणि सौदा पेढीवर, असा हा व्यवहार. हळदीचा वायदेबाजार सांगलीत भरायचा तो याच बळावर. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. बेदाण्याला त्याआधीच मिळाले होते. भडंगाला अजून कोणी दिलेले नाही, ते मात्र द्यायला हवे, असे माझे खासगी मत आहे.

मग २००५ चा पूर आला. कृष्णेचे पाणी हरिपूरच्या पेवांत शिरले आणि साठवलेली हळद कुजली. नुकसान किती रुपयांचे, हा हिशेब व्यापाऱ्यांनी मांडला असेल. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट वेगळीच घडली. पिढ्यान्‌पिढ्यांचा अंदाज चुकला आणि माणसांचा विश्वास उडाला. त्यानंतर व्यापारी गोदामांकडे, शीतगृहांकडे वळले आणि पेवे ओस पडत गेली. व्यापारी शहाणा, त्याने एका पुरात धडा घेतला. शहराने मात्र २०१९ पर्यंत वाट पाहिली. त्या ऑगस्टात आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले. इशाऱ्याची पातळी ४० फूट, धोक्याची ४५. गणपती पेठ, मारुती चौक पाण्याखाली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढताना नाव उलटली आणि जीव गेले. २०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पन्नाशीच्या वर.

सांगलीत कोणालाही कारण विचारा, उत्तर एका शब्दात मिळते : अलमट्टी. धरण कर्नाटकाचे, फूग आमच्या दारात. त्या धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला लवादाने २०१० साली मुभा दिली आहे आणि महाराष्ट्राचा तिला विरोध आहे. तो असायलाही हवा. खालच्या राज्याने धरण वाढवायचे म्हटल्यावर वरच्याने डोळे मिटून मान डोलवावी, असे कोणी म्हणणार नाही. पण २०१९ च्या पुराची कारणे शोधायला राज्य सरकारनेच नेमलेल्या वडनेरे समितीने अलमट्टीवर ठपका ठेवला नाही, हेही सांगितले पाहिजे. तो निष्कर्ष अनेकांना मान्य नाही. वाद जरूर व्हावा. मात्र १९१४ साली सांगलीत मोठा पूर आला होता. १९२९ साली खुला झालेला आयर्विन पूल हे त्याच पुराने शिकवलेले शहाणपण. तेव्हा अलमट्टी कुठे होते?

नकाशा पाहिला तर कोडे बरेचसे सुटते. सांगलीच्या खाली लगेच, हरिपूरला, वारणा कृष्णेला मिळते. आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा. कोयनेच्या आणि चांदोलीच्या डोंगरांत एकाच वेळी कोसळला की तिन्ही नद्या एकदम फुगतात आणि वारणेच्या रेट्याने कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही. ते मागे तुंबते आणि सखल जागा शोधत शहरात शिरते. सखल जागा म्हणजे ओढे, नाले, काळ्या रानाचे खोलगट पट्टे. म्हणजेच आजचे सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, शामरावनगर. तिथे घरे बांधली ती काही हौसेने नव्हे. हमालाला, रिक्षावाल्याला, कारखान्यातल्या कामगाराला परवडेल अशी जमीन तेवढीच उरली होती. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली. शहर वाढले, आणि गुंठेवारीचे खरोखरच पेव फुटले. ओढ्यात भर टाकून प्लॉट पाडणारा पैसे घेऊन मोकळा झाला आणि पूर आला तो घेणाऱ्याच्या माजघरात. या व्यवहाराला कर्नाटक जबाबदार नाही.

पूररेषा आहेत. निळीच्या आत बांधकामाला बंदी, निळी आणि लाल यांच्यामध्ये निर्बंध. कागदावर चोख. पण गुंठा विकत घेणाऱ्याला या रेषा दाखवतो कोण? पूर ओसरल्यावर गणपती पेठेतल्या भिंतींवर मी चिखलाची रेघ पाहिली आहे, माणसाच्या डोक्यावर हातभर. पुढच्या दिवाळीला ती रंगाखाली गेली. दुकानदाराचे मी समजू शकतो, गिऱ्हाईकाला चिखल दाखवून धंदा होत नाही. पालिकेला मात्र ती रेघ पुसू द्यायचे कारण नव्हते.

या सगळ्यात आणखी एक विचित्र गोष्ट आहे. ज्या आठवड्यात कृष्णा सांगलीच्या घराघरांत असते, त्याच आठवड्यात याच जिल्ह्यात जतकडची माणसे टँकरची वाट पाहत असू शकतात. २०१६ साली लातूरला आगगाडीने पाणी गेले ते मिरजेहून, याच कृष्णेचे. म्हैसाळची उपसा योजना पाणी चढवते, पण विजेचे बिल कोणी भरायचे यावर ती अडून बसल्याच्या कथा काही कमी नाहीत. पुराचे पाणी दुष्काळी भागाकडे वळवण्याची योजना आता जागतिक बँकेच्या साहाय्याने आखली जात आहे. ती व्हावी. परंतु पूर महिनाभर पुरत नाही, आठ-दहा दिवसांत निघून जातो, आणि तेवढ्या दिवसांत कितीसे पाणी उचलता येईल याचा आकडा आधी लोकांसमोर मांडला जावा. नाहीतर ‘पाणी वळवतोय’ या भरवशावर निळ्या रेषेच्या आत आणखी चार मजले चढतील.

माझे मागणे साधे आहे. कृष्णाकाठ सुशोभित करण्यावर जे खर्चायचे असेल ते खर्चा, पण त्याआधी बुजलेले ओढे मोकळे करा आणि तिथल्या रहिवाशांना शहरातच, कामाच्या जवळ, उंच जागी घर द्या. दहा मैलांवर नेऊन टाकाल तर महिन्याभरात ती माणसे परत येतील आणि त्यांचे बरोबरच असेल. प्रत्येक वॉर्डात २०१९ ची रेघ दगडात कोरा. आणि जमिनीच्या प्रत्येक खरेदीखतावर, चतुःसीमेच्या खाली, त्या जागेत २०१९ साली किती फूट पाणी होते ते लिहिणे सक्तीचे करा. भाव पडतील, अशी ओरड होईल. पडू देत.