देवपूरची हुडहुडी

पौषातील पहाटे पांझरेकाठी, देवपुरात, शेकोटीभोवती बसलेली मंडळी म्हणतात, "पृथ्वी तापते म्हणे! मग ही हुडहुडी कसली?" प्रश्न गमतीचा खरा; परंतु एका गावची एक पहाट म्हणजे साऱ्या पृथ्वीचे हवामान नव्हे. हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजतात. तेव्हा दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आता ४२० हून अधिक आहे. ही भर मुख्यतः कोळसा व खनिज तेल जाळल्याने पडली, आणि हा वायू उष्णता अडवून धरतो. मानवामुळेच पृथ्वी तापली हे निःसंशय आहे, असा निर्वाळा संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीने २०२१ मध्ये दिला. मुलांनो, शंका अवश्य घ्यावी. मात्र शंकेखोराने शेकोटीपाशी न थांबता देवपुरातील पारा तीस वर्षे रोज टिपावा, मग बोलावे.