नाणे हाती, इतिहास मातीत

#धागा #नाणकशास्त्र

१/ भारत-रोम व्यापारावरील माझ्या मागील धाग्याखाली सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न मुझिरिस बंदराविषयी नव्हता, प्लिनीविषयीही नव्हता. प्रश्न होता : ‘अस्सल रोमन नाणे विकत कुठे मिळेल?’ काहींनी परदेशी लिलावांचे दुवे पाठवून ‘हे घेऊ का?’ असेही विचारले. मित्रहो, माझे उत्तर कडू आहे. ज्या नाण्याला जन्मदाखला नाही ते घेऊ नका. का, ते आता सविस्तर सांगते.

२/ आधी स्वतःची कबुली. पदवीच्या दुसऱ्या वर्षी, साठवलेल्या पैशांतून, परदेशी राहणाऱ्या मामांकरवी मी टायबेरियसचा एक डेनारियस घेतला. एका बाजूस सम्राटाचे मस्तक, दुसऱ्या बाजूस आसनस्थ स्त्री. दक्षिण भारतात सापडणाऱ्या रोमन चांदीच्या नाण्यांत हा प्रकार विपुल आहे, म्हणूनच मला तो हवा होता. नाणे हाती आले त्या रात्री झोप लागली नाही.

३/ पुढे लघुप्रबंधाच्या निमित्ताने त्या विक्रेत्याला विचारले, ‘हे सापडले कुठे?’ उत्तर तीन शब्दांचे आले : ‘जुना युरोपीय संग्रह’. कोणाचा? किती जुना? त्यापूर्वी कोणाकडे? पुढे मौन. म्हणजे माझे नाणे इंग्लंडच्या शेतातले, बल्गेरियातल्या चोरखड्ड्यातले की तमिळनाडूतल्या एखाद्या मडक्यातले, हे मला कधीही कळणार नाही. मी इतिहासाचा साक्षीदार विकत घेतला खरा, पण त्याची जीभ आधीच कापलेली होती.

४/ ‘सापडले कुठे याने एवढे काय बिघडते?’ असे वाटत असेल तर दोन सम्राटांची गोष्ट ऐका.
पहिला डोमिशियानस. (इ.स. ८१ ते ९६ या काळात राज्य करणारा प्रसिद्ध डोमिशियन तो हा नव्हे.) इ.स. १९०० मध्ये फ्रान्समध्ये या नावाचे एक नाणे उजेडात आले. असा सम्राट कोणाला माहीत नव्हता, म्हणून अनेक विद्वानांनी ते बनावट ठरवले.

५/ पुढे २००३ मध्ये इंग्लंडमधील ऑक्सफर्डशायरात, चाल्ग्रोव्ह येथे, धातुशोधक यंत्र घेऊन फिरणाऱ्या एका माणसाला मडके सापडले. आत सुमारे ५,००० नाणी, गंजून एकमेकांना चिकटलेली. त्याने मडके फोडून नाणी विकली नाहीत, अधिकाऱ्यांना कळवले. ब्रिटिश म्युझियममध्ये ती नाणी सोडवली जात असता त्यांतून एक नाणे निघाले : डोमिशियानस! इ.स. २७१च्या सुमारास काही काळ सत्ता बळकावलेला, इतिहासाने पुसून टाकलेला माणूस १,७०० वर्षांनी परत आला.

६/ आता कल्पना करा : तेच नाणे मडक्यातून काढून, धुऊनपुसून, एकटेच लिलावात आले असते तर? ‘फ्रान्समधल्या बनावट नाण्याची आणखी एक नक्कल’ म्हणून ते हसण्यावारी गेले असते. नाणे तेच, धातू तोच, अक्षरेही तीच. त्याच्या बाजूने साक्ष दिली ती त्याला चिकटलेल्या हजारो साध्या, स्वस्त, बाजारात कोणी ढुंकूनही न पाहणाऱ्या नाण्यांनी.

७/ दुसरा सम्राट स्पोन्सियन. त्याच्या नावाची सोन्याची नाणी १७१३ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियात सापडल्याचे सांगितले जाते. नेमकी कुठे, कोणत्या थरात, कशासोबत, याची विश्वासार्ह नोंद नाही. पुढे ती बनावट मानली गेली. २०२२ मध्ये ग्लासगोतील नाण्याचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून काही संशोधकांनी ते अस्सल असल्याचा दावा केला, तर अनेक नाणकतज्ज्ञांनी तो अमान्य केला. तीनशे वर्षे झाली, हा माणूस होता की नव्हता यावर एकमत नाही.

८/ या दोघांची तुलना विसरू नका. एकाला मडके मिळाले, त्याला अस्तित्व मिळाले. दुसऱ्याचे प्राप्तिस्थळ हरवले, तो आजही हवेत लोंबकळतो आहे. संग्राहक ज्याला ‘नाणे’ म्हणतो तो पुराव्याचा एक तुकडा आहे. उरलेला पुरावा मातीत, मडक्यात, शेजारच्या नाण्यांत असतो. बाजार पहिला तुकडा विकतो आणि बाकीचा नष्ट करतो.

९/ आणखी एक उदाहरण, कारण ते फार सुंदर आहे. २०१० मध्ये इंग्लंडमध्ये फ्रोम गावाजवळ डेव्ह क्रिस्प यांना एका प्रचंड मडक्यात ५२,५०३ रोमन नाणी सापडली. त्यांनीही स्वतः उकरणे थांबवले. पुरातत्त्वज्ञांनी मडके थरांथरांनी रिकामे केले. अपेक्षा अशी की घराची बचत वर्षानुवर्षे साठत गेली असेल, तर शेवटची नाणी वरच्या थरात असतील. प्रत्यक्षात सर्वांत उशिराची, म्हणजे कॅरॉसियसची, बहुतेक नाणी निम्म्याच्याही खाली निघाली.

१०/ अर्थ असा की हे मडके बचतपेटीसारखे भरत गेले नव्हते, ते एकाच वेळी भरले गेले असावे. बचत की देवाला अर्पण, हा सगळा नवा वाद त्या थरांमुळे जन्माला आला. फावड्याच्या दोन फटक्यांत हीच नाणी पोत्यात गेली असती तर? ५२,५०३ नाणी वाचली असती, वाद मात्र जन्मण्याआधीच मेला असता.

११/ हे केवळ साहेबाच्या देशातले कौतुक नव्हे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. सारी क्षहरात नहपानाची, आणि त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. असे एखादे नाणे हाती आले तर ती एक गंमत. तेरा हजारांत नऊ हजार असे प्रमाण कळले की तो एका राजवटीच्या पाडावाचा पुरावा. सातवाहनांच्या विजयाची चर्चा आपण आज ज्या खात्रीने करतो, त्यात या संचयाचा वाटा मोठा आहे.

१२/ आणि भारतातल्या रोमन नाण्यांचे काय? १८९८ मध्ये पुदुकोट्टई येथे ५०१ सोन्याची रोमन नाणी सापडली. बहुतेकांवर सम्राटाच्या मस्तकावर छिन्नीचा घाव. सुटे नाणे पाहिले तर वाटते, कोणीतरी खराब केले. पूर्ण संचय पाहिला की कळते, ही पद्धत होती. हे नाणे चलनातून बाद करून निव्वळ सोने म्हणून वापरायचे होते की आणखी काही, यावर आजही विचार चालू आहे. लिलावाच्या यादीत मात्र हाच घाव ‘दोष’ म्हणून छापला जातो आणि किंमत उतरते! इतिहासाला जे बोलते वाटते, ते बाजाराला डाग वाटते.

१३/ उलट १८४७ मध्ये केरळात कण्णूरजवळच्या कोट्टयम येथे सोन्याच्या रोमन नाण्यांचा असाच मोठा साठा सापडला. त्यातला फार मोठा भाग वितळवला गेला किंवा पांगला. दरवर्षी ५ कोटी सेस्टर्स भारताकडे जातात असे प्लिनी लिहून गेला. त्या वाक्याची पडताळणी करू शकणारे पुरावे आपण असे उधळले.

१४/ आता बाजाराकडे वळू. ज्यूलियस सीझरच्या हत्येनंतर ब्रूटसने इ.स.पू. ४२ च्या सुमारास पाडलेले प्रसिद्ध नाणे : एका बाजूस त्याचे मस्तक, दुसरीकडे दोन खंजीर आणि मधे मुक्तीची टोपी. त्याची सोन्याची एक प्रत ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनमधील लिलावात सुमारे ३२ लाख ४० हजार पौंडांना गेली. प्राचीन नाण्यांच्या किमतीत तो त्या वेळचा विक्रम ठरला. जगभर टाळ्या वाजल्या.

१५/ जानेवारी २०२३ मध्ये त्या लिलावगृहाचा मालक रिचर्ड बील याला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली. नाण्याच्या मालकीची परंपरा खोटी रचल्याचा आरोप होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला. नाणे त्याआधीच, मार्चमध्ये, ग्रीसला परत गेले होते. लक्षात घ्या, ही फुटपाथवरची फसवणूक नव्हती. हे बाजाराचे शिखर होते. शिखरावर ही स्थिती, तर पायथ्याशी तुमच्याआमच्या तीन-चार हजारांच्या नाण्याची कागदपत्रे कोण तपासतो?

१६/ पायथ्याशी काय घडते ते पाहायचे तर बल्गेरियात डॅन्यूबकाठी जा. आर्चार गावाजवळ राटियारिया ही रोमन वसाहत होती. १९९० नंतर तिथे खजिना शोधणाऱ्यांनी साधी कुदळच नव्हे, अवजड यंत्रेही लावली. सीरियातील अपामेयाच्या उपग्रहचित्रांत २०११ च्या मध्यास साधी जमीन दिसते, एप्रिल २०१२ मध्ये देवीच्या व्रणांसारखे खड्डेच खड्डे. ‘न धुतलेली रोमन नाणी, मातीसकट’ अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. ती माती कुठली, हा प्रश्न कधी मनात आला का?

१७/ आता आक्षेप. ‘रोमन नाणी लाखोंनी आहेत, संग्रहालये सगळी ठेवणार कुठे?’ खरे आहे. नाणे खासगी हातात असावे याला माझा विरोध नाही. माझी मागणी एवढीच की हातात जाण्यापूर्वी त्याची नोंद व्हावी. इंग्लंड-वेल्समध्ये १९९६ चा निधी कायदा आणि १९९७ पासून चालणारी शोधनोंदणी योजना यांनी हे शक्य असल्याचे दाखवले आहे. मग विनानोंद नाण्याला सबब कसली?

१८/ ‘नाणकशास्त्र संग्राहकांनीच उभे केले.’ हेही मान्य. १३५४ मध्ये पेट्रार्कने सम्राट चौथ्या चार्ल्सला रोमन नाणी भेट दिली, तिथपासून ही परंपरा आहे. पण वैद्यकशास्त्रही एके काळी चोरून आणलेल्या प्रेतांवर वाढले. त्या काळाचे ऋण मानायचे म्हणून आज कोणी स्मशान उकरत नाही.

१९/ आणि संग्राहक कसा असावा, हे पाहायला युरोपात जायला नको. धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर. ‘पेरिप्लस’मध्ये उल्लेख असलेली ही बाजारपेठ. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या परिसरातील वस्तू गावातच जपल्या, आणि त्यांच्या नावाचे शासकीय संग्रहालय आज तिथेच उभे आहे. वस्तू आणि तिची माती यांची ताटातूट त्यांनी होऊ दिली नाही. संग्रह करणे हे पाप नाही. पाळेमुळे तोडून संग्रह करणे हे आहे.

२०/ ‘मी एकट्याने न घेतल्याने काय होणार?’ हा युक्तिवाद सर्वांत सोयीचा आणि सर्वांत दुबळा. खड्डा खणणारा माणूस हौसेने खणत नाही. गिऱ्हाईक आहे म्हणून खणतो. शेवटचे गिऱ्हाईक दलाल नव्हे, आपण आहोत.

२१/ तरीही घ्यायचेच असेल तर चार प्रश्न लेखी विचारा. प्राप्तिस्थळ कोणते? अधिकृत शोधनोंदणीचा क्रमांक आहे का? १९७० च्या युनेस्को करारापूर्वीच्या एखाद्या छापील लिलावसूचीत हेच नाणे, छायाचित्रासह, आहे का? मूळ देशाचा निर्यात परवाना कुठे आहे? ‘जुना युरोपीय संग्रह’ हे यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हे.

२२/ आणि भारतात शेतात, विहिरीत, पाया खणताना काही सापडले तर? १८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडला तर कलेक्टरला कळवणे बंधनकारक आहे. कायद्यातला हा कलेक्टर म्हणजे जिल्हाधिकारी, नाणी जमवणारा नव्हे, एवढे ध्यानात असू द्या! तसेच १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

२३/ नाण्याची ओढ मला कळते, ती माझीही आहे. पण ती भागवायला खरेदीच हवी असे नाही. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संस्था आणि संग्रहालय आहे. ‘ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर’ या मोफत सूचीत रोमन साम्राज्याच्या नाण्यांचे हजारो प्रकार छायाचित्रांसह पाहता येतात. एक नाणे मुठीत ठेवण्यापेक्षा शंभर नाणी शेजारी शेजारी ठेवून वाचण्यात अधिक इतिहास आहे.

२४/ माझा टायबेरियस अजून खणात आहे. विकला तर तेच तीन शब्द मला पुढच्या माणसाला सांगावे लागतील, आणि त्या असत्याच्या साखळीत माझी कडी जोडली जाईल. म्हणून विकणार नाही. कनिष्ठ विद्यार्थ्यांना तो दाखवते आणि विचारते, ‘याच्याविषयी काय सांगता येईल?’ ते सम्राट ओळखतात, अक्षरे लावतात, वजन करतात. मग मी विचारते, ‘आणि हा आला कुठून?’ तिथे सगळे थांबतात. मीही तिथेच थांबले आहे.

धागा समाप्त. मतभेद अवश्य नोंदवा. मात्र लिलावाचे दुवे पाठवू नका.