उसनवारीचा संसार

ज्या घरांत चिमूटभर मीठही रोज शेजाऱ्याकडून मागून आणतात, त्या घरच्या गृहिणीस कोणी काटकसरी म्हणत नाहीं. परंतु संगणकाच्या आज्ञावल्या रचणाऱ्या आमच्या हल्लींच्या कारागिरांत नेमकी हीच रीत काटकसर, चातुर्य आणि आधुनिकता ह्या तीन नांवांनीं गौरविली जात आहे. हा विषय केवळ त्या धंद्यांतील लोकांचा, असें समजून वाचकांनीं पान उलटूं नये. पुण्यामुंबईच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांतील मुलगे व मुली आज ह्याच धंद्यांत आहेत. आणि ज्यांचा त्याच्याशीं संबंध नाहीं, त्यांचेही पैशाअडक्याचे व्यवहार अशा आज्ञावल्यांवांचून आतां चालत नाहींत. तेव्हां ह्या उसनवारीचा हिशेब शेवटीं कोणाच्या नांवें पडतो, हें पाहणें सर्वांचेंच काम आहे.

प्रथम थोडा इतिहास. जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ सालीं ब्रेंडन आइक ह्यांनीं नेटस्केपच्या ब्राउझरसाठीं रचली. परक्यानें लिहिलेल्या आज्ञा आपल्या संगणकांत चालावयाच्या, म्हणून तेथील फाइलींस हवा तसा हात लावण्याची मुभा ब्राउझरमध्यें तिला बुद्ध्याच दिलेली नव्हती. २००९ सालीं रायन डाल ह्यांनीं ‘नोड’ काढून तीच भाषा सर्व्हरवर आणली व फाइली वाचण्याचा, लिहिण्याचा आणि पुसण्याचा अधिकार तिच्या हातीं दिला. ओसरीवरच्या पाहुण्याला कोठीच्या किल्ल्या मिळाल्या. ह्यांत वावगें कांहीं नव्हतें. कोठींत काम करावयाचें तर किल्ल्या हव्याच.

दोष घडला तो पुढें. ‘गाभा लहान ठेवावा’ हें तत्त्व नोडच्या चालकांनीं इतक्या निष्ठेनें पाळलें कीं, कोठींतील नित्याचीं कामेंही बाहेरच्यांवर पडलीं. एकांत एक असे तीन फोल्डर एकाच आज्ञेनें तयार करण्याची सोय नोडमध्यें २०१८ सालीं आली. भरलेला फोल्डर मुळासकट पुसण्याची २०१९ सालीं. आणि अख्ख्या फोल्डरची नक्कल करण्याची २०२१ सालीं, तीही प्रयोगादाखल! मधल्या सर्व काळांत ‘एमकेडिरपी’, ‘रिमरॅफ’ अशा नांवांचीं परक्यांनीं लिहिलेलीं पॅकेजें एनपीएमच्या सार्वजनिक कोठारांतून घरोघर आणलीं गेलीं. ज्या कामांची गरज पहिल्या दिवसापासून प्रत्येकास होती, तीं कामें दहा वर्षें पाहुण्यांनीं केलीं.

बांधणीच्या साधनांची कथा निराळी नाहीं. लिहिलेल्या अनेक फाइली जोडून, आटोपशीर करून शेवटचा माल सिद्ध करणें, हें त्यांचें काम. १९७६ सालीं बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन ह्यांनीं ‘मेक’ नांवाचें असें एक साधन केलें. कोणती फाइल कोणत्या फाइलीवर अवलंबून आहे व त्यांत नवी कोणती, एवढें पाहून जरूर तेवढेंच काम तें करतें. आणि आजही करतें. नोडच्या राज्यांत मात्र २०१२ सालीं ‘ग्रंट’ आला, २०१३ सालीं ‘गल्प’ आला, मागाहून आणखी कित्येक आले आणि प्रत्येकानें आपापलें बिऱ्हाड बरोबर आणलें. २०१९ सालीं नोडची बारावी आवृत्ति निघतांच गल्पची जुनी तिसरी आवृत्ति जागच्या जागीं कोलमडली. कारण काय? तिच्या पोटांत फाइली हाताळणारें एक जुनें पॅकेज होतें आणि त्यानें नोडच्या आंतल्या खोल्यांत हात घातलेला होता. ज्या गृहस्थांनीं स्वतःची एक ओळही बदलली नव्हती, त्यांचीही बांधणी बंद पडली.

ह्याहून बोलका दाखला २०१६ च्या मार्चमधील. ‘लेफ्ट-पॅड’ हें पॅकेज अवघें अकरा ओळींचें. शब्दाच्या डावीकडे रिकामी जागा किंवा शून्यें भरावयाचीं, एवढेंच त्याचें काम. दुसऱ्याच एका पॅकेजच्या नांवावरून तंटा होऊन त्याच्या लेखकानें आपलीं सर्व पॅकेजें कोठारांतून काढून घेतलीं. तोंच जगभरच्या बांधण्या अडल्या. कोठाराच्या चालकांनीं कांहीं तासांत तें परत मांडलें, म्हणून निभावलें. जे कारागीर स्वतःस यंत्रयुगाचे शिल्पकार म्हणवितात, त्यांस अकरा ओळी घरीं लिहितां आल्या नसत्या काय?

आमचे प्रतिपक्षी म्हणतात, ‘गिरणी जवळ असतां घरीं जातें कां ओढावें? हजारों लोकांनीं वापरून पाहिलेली वस्तु आपल्या हातच्या वस्तूपेक्षां चांगली नव्हे काय?’ ह्या म्हणण्यांत तथ्य आहे, आणि तें आम्ही लपवूं इच्छीत नाहीं. गुप्तलेखनासारखें अवघड काम ज्यानें त्यानें घरीं करूं लागणें हा निव्वळ आत्मघात होय. विंडोज व युनिक्स ह्या दोन्हीं ठिकाणीं सारखें चालेल अशा रीतीनें फोल्डर पुसणें हेंही दिसतें तितकें सोपें नाहीं. म्हणून तर तें गाभ्यांत आधींच असावयास हवें होतें. पण गिरणीचा दृष्टान्त येथें लंगडा पडतो. दळण टाकणारा पीठ घेऊन घरीं येतो. गिरणीवाल्यास घराची किल्ली देऊन येत नाहीं. नोडमध्यें घरांत घेतलेल्या प्रत्येक पॅकेजला घरधन्याइतकेच अधिकार मिळतात. शून्यें भरण्यासाठीं आणलेला मनुष्य तिजोरीही उघडूं शकतो, आणि त्यास अडविणारें दारांत कोणी नसतें.

ही भीति काल्पनिक नव्हे. २०१८ सालीं ‘इव्हेंट-स्ट्रीम’ हें पॅकेज नव्या हातांत गेलें आणि त्यांतून बिटकॉइनच्या एका पाकिटावर डल्ला मारणारी आज्ञावली आंत शिरली. २०२२ च्या जानेवारींत ‘कलर्स’ व ‘फेकर’ हीं पॅकेजें त्यांच्या कर्त्यानेंच जाणूनबुजून बिघडविलीं. २०२५ च्या सप्टेंबरांत एका खोट्या पत्राला पॅकेजांचा एक सांभाळणारा फसला आणि ज्यांची उतरवणूक आठवड्याला एकंदर दोनशे कोटींहून अधिक होती अशीं अठरा पॅकेजें विषारी झालीं. त्याच महिन्यांत पॅकेज बसवितांना आपोआप चालणाऱ्या आज्ञेच्या आडून शिरणारी एक कीड एका लेखकाकडून दुसऱ्याकडे पसरत गेली.

ह्यांत लेखकांसच शिव्या देणें अन्यायाचें आहे. त्यांतील बहुतेक जण फुकट राबतात; ‘आहे तें असें आहे, हमी कांहीं नाहीं’ असें परवान्यांत स्पष्ट लिहून देतात. फुकट घ्यावयाचें, न वाचतां घ्यावयाचें, आणि बिघडलें म्हणजे दात्याच्या नांवानें बोटें मोडावयाचीं, ही कोणती नीति? जबाबदारी घेणाऱ्याची. आणि घेणारा ती टाळतो तेव्हां भुर्दंड पडतो तो ज्यानें पॅकेज हा शब्दही ऐकला नाहीं, त्या ग्राहकावर.

ज्यांनीं नोड रचला त्या डाल ह्यांनींच २०१८ सालीं बर्लिन येथील भाषणांत आपल्या पश्चात्तापाची यादी वाचली; तींत सुरक्षिततेकडे झालेलें दुर्लक्ष होतें, पॅकेजांचा तो अवजड फोल्डरही होता. त्यांच्या नव्या ‘डेनो’मध्यें परवानगीवांचून फाइलीस हात लावतां येत नाहीं. नोडनेंही २०२३ सालीं विसाव्या आवृत्तींत असें कुलूप प्रयोगादाखल बसविलें. पण कुलूप असलें तरी तें लावावें लागतें. जें घरच्या गाभ्यांत आलें आहे, त्यासाठीं बाहेर जाऊं नये. जें एका बैठकींत लिहून होतें, तें लिहावें. उरलें तें वाचून, मोजून, आवृत्ति बांधून घ्यावें, आणि आपोआप चालणाऱ्या आज्ञा बंद ठेवाव्या. एवढी शिस्त ज्यास जड वाटते, त्यानें दुसऱ्यांच्या फाइली सांभाळण्याचें काम पत्करूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.