हौसेचं सोवळं

मराठीत 'हौशी' आणि 'धंदेवाईक' हे दोन शब्द शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिल्याला अत्तराचा वास, दुसऱ्याला गल्ल्यातल्या चिल्लरीचा. हौशी नट, हौशी गिर्यारोहक म्हटलं की आपण कौतुकाने मान डोलावतो. आणि 'धंदेवाईक' म्हटलं की... जाऊ दे. आमच्या आयटीतही हीच तऱ्हा. इंटरव्ह्यूत कुणी 'मी पैशासाठी काम करतो' असं चुकून बोलून गेला, की समोरच्यांच्या कपाळाला आठ्या. 'पॅशन' पाहिजे म्हणे! पगार आपला असाच, वाटेत पडलेला दिसला म्हणून उचलला.

हे सोवळं मला मुळातच ढोंगी वाटतं. का, ते सांगण्यासाठी तुम्हाला जरा लांब नेतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची अमेरिका, आणि खेळ ट्रॅपशूटिंग. म्हणजे शॉटगनने उडत्या मातीच्या चकत्या फोडणं. हसू नका. पगार घेऊन खेळणारा माणूस आणि हौसेखातर खेळणारा माणूस यांचं भांडण इतकं उघड्यावर दुसरीकडे क्वचितच झालं असेल.

आधी खेळ समजून घेऊ. जमिनीलगत एक बुटकी खोली, आत चकती फेकणारं यंत्र. त्याच्यामागे १६ यार्डांवर नेमबाज उभा. तो 'पुल!' म्हणून ओरडतो आणि चकती सुसाट सुटते. कुठल्या कोनात जाईल हे त्याला आधी माहीत नसतं. रायफलमधून एक गोळी जाते, शॉटगनमधून तीन-चारशे बारीक छर्रे. मग काय, आंधळासुद्धा फोडेल, असं वाटतं ना? नाही फोडत. छर्रे लांब जातात तसे पसरत जातात, आणि चकतीही लांब पळत असते. म्हणून नळीचं तोंड किंचित आवळलेलं असतं, त्याला चोक म्हणतात. आवळ कमी पडली तर छऱ्यांच्या जाळ्याला मोठी भोकं पडतात, जास्त झाली तर जाळं इतकं लहान होतं की तुमची जरासुद्धा चूक खपत नाही. हा सगळा मामला सेकंदभरात उरकायचा, आणि शंभर वेळा.

आता मातीची चकती कशाला? कारण आधी तिथे खरी कबुतरं होती! पेटीतून जिवंत पक्षी सोडायचा आणि बार टाकायचा. सिनसिनाटीच्या जॉर्ज लिगॉस्कीने १८८० मध्ये मातीच्या 'कबुतरा'चं पेटंट घेतलं. 'ग्रँड अमेरिकन हँडिकॅप' ही या खेळाची पंढरी, ती १८९३ मध्ये सुरू झाली ती मात्र जिवंत पक्ष्यांवरच. मातीच्या चकत्यांची पहिली ग्रँड अमेरिकन १९०० मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये झाली आणि १९०२ नंतर जिवंत पक्षी तिथून कायमचे गेले. पूर्वी अशा स्पर्धांत हजारोंनी मारल्या गेलेल्या पॅसेंजर पिजन जातीचा शेवटचा पक्षी १९१४ मध्ये सिनसिनाटीच्याच प्राणिसंग्रहालयात मेला. मातीचं कबूतर जिथे जन्मलं, त्याच गावात खरं संपलं.

चकत्यांचा प्रसार नेटाने केला तो बंदुका, काडतुसं आणि दारू (बंदुकीची, हो!) विकणाऱ्या कंपन्यांनी. ग्रँड अमेरिकन भरवणारी इंटरस्टेट असोसिएशन म्हणजे याच कंपन्यांची संघटना. भूतदया वगैरे काही नाही, साधा हिशेब. पक्षी महाग आणि मोजके, चकत्या स्वस्त आणि हव्या तितक्या. जितक्या चकत्या, तितकी काडतुसं. हेतू शुद्ध नव्हता, मान्य. पण त्या हिशेबामुळेच हा खेळ गावोगावच्या शेतकऱ्या-दुकानदारांच्या आवाक्यात आला.

आणि तो त्यांच्यापर्यंत पोचवला कुणी? कंपन्यांच्या पगारी नेमबाजांनी. डेटनचा रोला हाइक्स, स्पिरिट लेकचा फ्रेड गिल्बर्ट, ओ'फॅलनचा विल्यम क्रॉस्बी. आजच्या भाषेत प्रीसेल्सची माणसं. बंदुकांच्या पेट्या घेऊन रेल्वेने गावोगाव हिंडायचं, क्लबांत जाऊन डेमो द्यायचा, नवख्यांना शिकवायचं आणि संध्याकाळी पुढची गाडी पकडायची. १९०० ची ती पहिली मातीची ग्रँड अमेरिकन जिंकली हाइक्सने, १०० पैकी ९१ फोडून. १९०१ मध्ये अमेरिकेचा संघ इंग्लंडला जाऊन ब्रिटिशांना हरवून आला, त्यातही मोठा भरणा अशाच पगारी मंडळींचा होता.

माझं आवडतं उदाहरण मात्र एका बाईचं आहे. एलिझाबेथ सर्व्हाटी न्यू हेवनच्या विंचेस्टर कारखान्यात काडतुसांच्या खात्यात कामाला होती. १९०३ मध्ये तिने कंपनीच्याच एका फिरत्या नेमबाजाशी, अ‍ॅड टॉपरवाइनशी लग्न केलं. बंदूक चालवायला शिकली ती त्यानंतर. १९०४ मध्ये सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात तिने १,००० पैकी ९६७ चकत्या फोडल्या. १९१६ मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीत २,००० पैकी १,९५२! तेही विंचेस्टरच्या १८९७ च्या पंप बंदुकीने, म्हणजे दर बारानंतर पुढची मूठ मागे ओढून पुढे ढकलायची आणि नवं काडतूस नळीत घ्यायचं. दोन हजार वेळा. खानदानी दुनळी बाळगणारे साहेबलोक अशा बंदुकीला नाकं मुरडत.

जरा हिशेब करा. एका दिवसाला दोन हजार काडतुसं. त्याआधीच्या सरावाची किती हजार, देव जाणे. कारखान्यात काडतुसं बांधणाऱ्या पोरीने ही 'हौस' स्वतःच्या मजुरीतून भागवली असती का? कंपनीने पगार दिला, काडतुसं दिली, म्हणून जगाला टॉपरवाइनबाई कळल्या. पगार नसता तर ती प्रतिभा खात्यातल्या बाकावरच राहिली असती, आणि काही हरवलंय हे कुणाला कळलंही नसतं.

आता समोरच्या बाजूचं ऐकू. ती बाजू अगदीच पोकळ नाही.

पहिला आक्षेप : हे खेळाडू कुठले, विक्रेते! जिंकले की कंपनीची जाहिरात. बरोबर. पण ते लपून नव्हतं. कोण कुठल्या कंपनीचा हे मैदानावर सगळ्यांना ठाऊक असे, आणि निकालाच्या बातम्यांत नेमबाजाच्या नावाबरोबर बंदूक आणि काडतूसही छापून येई. हितसंबंध उघड असला की लोक आपापलं माप लावून घेतात. घात होतो तो झाकलेल्या पैशाने.

दुसरा : वर्षभर फुकटच्या काडतुसांवर सराव करणाऱ्याशी रविवारी वेळ काढून येणाऱ्या दुकानदाराने लढायचं तरी कसं? हा प्रश्न खरा आहे. पण गंमत म्हणजे त्याचं उत्तर या खेळाच्या नावातच होतं. हँडिकॅप! जो चांगला, तो मागे. हाइक्सने १९०० ची स्पर्धा जिंकली ती २२ यार्डांवर उभं राहून, तर नवखे १६ यार्डांच्या आसपास. १९१० मध्ये रायली थॉम्पसनने १९ यार्डांवरून ग्रँड अमेरिकनमध्ये पहिल्यांदा शंभरच्या शंभर फोडल्या. १९२६ मध्ये चार्ली यंगने तेच २३ यार्डांवरून केलं. तुमचं कौशल्य किती ते मोजा आणि तितकं मागे उभं करा. पगार पैशात घेता की टाळ्यांत, याच्याशी मैदानाला काय करायचंय?

तिसरा : कंपन्यांनी खेळच खिशात घातला होता. हेही बरंचसं खरं. दारूच्या धंद्यात ड्यूपाँटची इतकी मक्तेदारी होती की १९११ मध्ये न्यायालयाने तिला कायदाभंग ठरवलं आणि १९१२ मध्ये तिच्यातून हर्क्युलीस आणि अ‍ॅटलास या दोन वेगळ्या कंपन्या काढायला लावल्या. पण नीट बघा. मक्तेदारीवर इलाज काय झाला? मक्तेदारी मोडली. दोष धन्याचा होता, दंड धन्याला झाला.

मैदानावर मात्र उलटं झालं. हळूहळू पगारी नेमबाजांचे गुण वेगळ्या यादीत गेले, बक्षिसं हौशींसाठी राखली गेली, व्यावसायिकांना त्यांची वेगळी स्पर्धा देऊन बाजूला बसवलं. आणि हौशींना मिळणारे चषक कुणी दिलेले? ड्यूपाँटसारख्या कंपन्यांनीच! म्हणजे कंपनीचा चषक चालला, कंपनीचा नोकर चालला नाही. पैसा वरून खाली आला तर देणगी, आणि घाम गाळून कुणी तोच पैसा घेतला तर विटाळ. याला शुद्धता म्हणायचं?

बरं, हे 'हौशी' तरी कोण होते? बँडमास्तर जॉन फिलिप सूसा घ्या. 'द स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरेव्हर'वाला. हौशी ट्रॅपशूटर्सच्या संघटनेचा तो पहिला अध्यक्ष. माणूस मोठा, खेळावर त्याचं खरं प्रेम, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण त्याची काडतुसं कुठून येत होती? संगीताच्या धंद्यातून. प्रत्येक हौशी माणूस दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात धंदेवाईकच असतो, किंवा त्याचा बाप तरी असतो. हौस ही कधीच फुकट नसते. बिल कोण भरतं एवढाच फरक.

या सोवळ्याचा कळस झाला १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये. तिथे ट्रॅपमध्ये अमेरिकेच्या जेम्स ग्रॅहॅमने १०० पैकी ९६ फोडून सुवर्ण घेतलं, संघाचं सुवर्णही अमेरिकेलाच. सगळे रीतसर हौशी. त्याच ऑलिंपिकमध्ये जिम थॉर्प या मूलनिवासी अमेरिकन खेळाडूने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन अशी दोन सुवर्णं जिंकली. १९१३ मध्ये ती काढून घेतली. गुन्हा काय? १९०९-१० मध्ये किरकोळ मानधनावर बेसबॉल खेळला होता! धावण्या-उडी मारण्याचे पैसे नव्हे, बेसबॉलचे. थॉर्प १९५३ मध्ये वारला. १९८२ मध्ये त्याला 'संयुक्त' विजेता केलं आणि एकट्याचं सुवर्ण कागदोपत्री परत यायला २०२२ उजाडलं. ज्यांना पैशाची गरज नव्हती त्यांनी नियम केला, आणि ज्याला होती तो अपवित्र ठरला.

आपल्याकडे बघा. ट्रॅपमध्ये भारताचं नाव जगाच्या नकाशावर आणलं बिकानेरच्या महाराजा कर्णी सिंहांनी, १९६२ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक घेऊन. मोठी कामगिरी, शंकाच नाही. पण त्या काळात शॉटगनचा खेळ झेपायला घरात संस्थान असावं लागत होतं, हेही त्यातून दिसतं. २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं ते राज्यवर्धन राठोडने, आणि तो सैन्यातला पगारी अधिकारी होता. शॉटगन सोडून रायफलकडे या : २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकणारा आपला कोल्हापूरचा स्वप्नील कुसळे तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. सैन्याचा पगार, रेल्वेचा पगार, म्हणून पदक. महाराजांची वाट बघत बसलो असतो तर बसलोच असतो.

आमच्या धंद्यातही वेगळं काही नाही. ओपन सोर्स म्हटलं की लोकांना रात्री जागून, निव्वळ आनंदासाठी कोड लिहिणारा दाढीवाला आठवतो. तो आहे, आणि त्याला माझा नमस्कार. पण लिनक्सच्या कर्नेलमध्ये येणारा बहुतेक कोड आज कंपन्यांच्या पगारावरची माणसं लिहितात. म्हणून तो कोड वाईट झाला का? उलट रोज आठ तास देता येतात म्हणून तो टिकलाय.

१९२३ मध्ये ट्रॅपशूटिंगची सूत्रं कंपन्यांकडून हौशींच्या संघटनेकडे गेली. ग्रँड अमेरिकन १९२४ पासून २००५ पर्यंत ओहायोतल्या व्हँडेलियाला भरली, २००६ पासून इलिनॉयमधल्या स्पार्टाला भरू लागली. सूत्रं खेळाडूंकडे जावीत, ती विक्रेत्यांच्या हाती राहू नयेत, हे मलाही पटतं. माझं भांडण त्याच्याशी नाहीच. भांडण आहे ते पगारी माणसाच्या कौशल्याला कमअस्सल मानण्याशी. घरचं खाऊन केलेलं तेवढं प्रेम आणि पोटासाठी केलेली ती हमाली, असं वाटणारी माणसं बहुतेक वेळा पोटाची चिंता मिटलेली असतात.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी पॅशनचं प्रवचन सुरू केलं, की त्याला एवढंच विचारा, 'काडतुसांचं बिल कोण भरतंय?' उत्तर मिळालं तर पुढे बोलू. आणि बिल ज्याचं त्यालाच भरावं लागत असेल, तर त्याला त्याचा पगार ताठ मानेने मागू द्या. चकती फुटली की नाही तेवढं बघा. तिला हौस कळत नाही आणि पगारही कळत नाही.